दर शंभर ग्रॅममागे

पाकीट मी आधी पालथं करते.
पुढच्या बाजूला वाफ आहे, शेपूची एक काडी आहे,
आणि एक हसरी कोंबडी, जिला कुणी काही सांगितलेलं नाही.
मागे मुंगीच्या पावलांची अक्षरं.
वर फिनिश, खाली स्वीडिश,
दोन्ही भाषांत मीठ तेवढंच.

चिकन अठ्ठावन्न टक्के.
उरलेले बेचाळीस रांगेत उभे राहून नावं सांगतात:
पाणी, पावाचा चुरा, बटाट्याचं स्टार्च, कांदा,
वाटाण्याचा कोंडा, तेल, साखर (साखर कशाला?),
आणि सगळ्यात शेवटी, दाराशी घुटमळणारं फॉस्फेट.
ते किती, हे लिहायची सक्ती नाही.
मला नेमका तोच आकडा हवा असतो.

ताइस्तोनं कोत्का बंदरात चाळीस वर्षं लाकूड चढवलं,
एकही संप फोडला नाही.
आता त्याच्या मूत्रपिंडांनी पुकारलाय,
तोही मिटत नाही.
सोमवार, बुधवार, शुक्रवार
यंत्र चार तास त्याचं रक्त धुऊन परत देतं.
डॉक्टरीण म्हणाली, प्रोटीन भरपूर हवं,
फॉस्फरस नको, मीठ जपून.
म्हणजे गावात जा, पण रस्त्याला पाय लावू नकोस.

शंभर ग्रॅममागे प्रोटीन तेरा, मीठ दीड.
शंभर ग्रॅम म्हणजे पाच गोळे,
मी स्वयंपाकघराच्या काट्यावर तोललेत.
पाकिटात सतरा गोळे, सतरा भानगडी.
पाच त्याचे, पाच माझे, उद्या पुन्हा तसेच?
वीस लागतील.
तीस वर्षं दुकानाच्या गल्ल्यावर बसले मी,
पण हा हिशेब एकदाही जुळला नाही.

सोमवारी जोन्ना त्याला काट्यावर उभं करते.
शुक्रवारपेक्षा तीन किलो जास्त.
"शनिवार-रविवार जड गेला वाटतं," ती म्हणाली.
त्यानं खिडकीबाहेरच्या क्रेनकडे पाहिलं,
जणू वजन तिनंच उचलून त्याच्यात ठेवलंय.

घरी येऊन मी फ्रिज उघडला.
बारा असायला हवे होते. चार होते.
रात्री, दिवा न लावता,
गारच,
फ्रिजच्या दारात उभं राहून.
तरीच दोन वाजता पाण्याचा ग्लास वाजत होता.
खाल्ल्या मिठाला जागत होता माणूस.

मी काही बोलले नाही.
मंगळवारी कोंबडीच्या मांड्या आणल्या,
आईच्या काळातलं यंत्र टेबलाला आवळलं,
हाताला कळ लागेपर्यंत दांडा फिरवला.
कांदा, मिरी, थोडं ऑलस्पाइस,
मिठाची बरणी वरच्या फळीवर,
जिथे माझाही हात पोचत नाही.

त्यानं एक खाल्ला. बराच वेळ चावला.
"औने," म्हणाला, "चव हॉस्पिटलच्या माहितीपत्रकासारखी आहे."
मग दुसरा घेतला.
मग विचारलं, "यात किती आहे? दर शंभर ग्रॅममागे?"

मला सांगता येईना.
इतकी वर्षं मी त्या पाकिटांवर रागावत आले
की ती सगळं सांगत नाहीत.
माझ्या भांड्यावर तर एक अक्षर नव्हतं.
चिकटपट्टीचा तुकडा फाडला, पेन्सिलीनं लिहिलं:
चिकन बहुतेक. ऊर्जा माहीत नाही. मीठ नाही.
खाली त्यानं वाकड्या अक्षरात भर घातली:
मोहरी लागते.

मोहरीच्या नळीवर मीठ किती, तेही मी वाचलं.
मोजून थेंबभर दिली.

सोळा करायचे होते, दोघांत समान.
भांड्याच्या तळाशी थोडं मिश्रण उरलं,
त्याचा एक वेडावाकडा, बोराएवढा गोळा झाला.
तो कुणाचा, यावर वाद चालू आहे.
बशी मधोमध आहे.
उद्या बुधवार, सकाळी सातला टॅक्सी येईल.