वार

पारोळ्याहून एसटीने आणली,
मांडीवरच्या निळ्या डब्यात, बर्फात.
एरंडोलला कंडक्टरने विचारलं, "मासे का?"
मी हो म्हटलं आणि सुटे पैसे मोजून घेतले.

लेबलवर आकडा: एकेचाळीस.
आठवडे नऊ. आपणहून सुटलेली.
आपल्याकडे हिला वार म्हणतात,
सोमवार-मंगळवारही तेच,
कुऱ्हाडीचा घाव पडतो तोही वारच.
फॉर्मवर एकच रकाना होता.

जळगावात पंचेचाळीस अंश. लाइट गेली, आली.
उणे ऐंशीचा फ्रीज कण्हत राहिला.

आधी सहा वर्षं मी केळीच्या लॅबमध्ये होते.
एका कोंबाची हजार रोपं, बाटल्यांत,
सगळी एका तोंडवळ्याची, सगळी बिनबापाची.
केळीचा हिशेब सोपा.
इथे बापाकडून आलेली काही जनुकं
वारेच्याच कानाशी लागतात: अजून ओढ, अजून घे.
आईकडची तिचा हात धरतात:
बास, तिलाही जगायचंय.
आणि एक तर कुणाच्याच घराण्यातलं नाही.
लाखो वर्षांपूर्वीची कुठलीशी साथ,
रोग म्हणून आली, घरात राहून गेली,
आता पेशीला पेशी सांधत
भिंत लिंपत असते.

तिसऱ्या दिवशी पडद्यावर ओळी उमटल्या.
कोणती जनुकं जागी, कोणती निजलेली.
एकेचाळीसमध्ये सगळं चालू होतं.
मी दोनदा पाहिलं.
वरण-बट्टीसाठी पेटलेल्या चुलांगणासारखं,
जिथे राबणाऱ्यांना अजून कुणी सांगितलेलं नसतं
की लग्न मोडलंय.

शेवटी त्या मोजक्या ओळी, ज्या आम्ही झाकतो.
कायदा आहे. मी झाकल्या.
झाकण्याआधी दिसतातच.

पुढच्या खेपेला दवाखान्याच्या बाकावर योजना होती,
पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत, सोडत.
शेजारी तिची आई, सुपडाबाई.
चार भावंडांच्या पाठीवर जगली,
सुपात घातलेली, म्हणून सुपडा.
तिने विचारलं, "पोऱ्या व्हता का पोर व्हती?"
सांगता येत नाही, मावशी.
"मले काई नको, माय. नाव ठेवानं शे."

मी म्हटलं, वार शेवटपर्यंत राबत होती.
याहून जास्त मला बोलता येत नव्हतं,
आणि हे तरी कशाला बोलले, कळेना.

ती बराच वेळ गप्प. मग,
"कोनता वार व्हता तो?"
मी डायरी काढली. बुधवार.
"मंग बुध..." ती म्हणाली,
आणि पुढे काना द्यायचा की वेलांटी,
ती जागा तशीच सोडली.

बसला अर्धा तास होता.
योजनाने माझ्या निळ्या डब्याला
एक बोट लावून पाहिलं.
आत बर्फ होता, दुसऱ्या कुणासाठी.