काचा

त्या भांडणाचं कारण मी.
मंडळीच्या वहीत ते नाही.
तिथे एवढंच आहे: दोघा बंधूंच्या वाटा निराळ्या झाल्या.
अक्षर मिशनच्या मुन्शीचं, घोटीव,
आणि माझ्या नावाच्या जागी शाईचा डाग.

सोळाचा होतो. सिमरोळच्या घाटात
बैलांच्या तोंडाला फेस, आणि समोरून येणारे सांगत होते,
बडवाहला पटकी आहे, जाळायला लाकूड पुरत नाही.
रात्री पुस्तकांच्या पेटीवरून उतरलो,
चपला हातात घेतल्या
आणि इंदूरच्या छावणीचे दिवे दिसेपर्यंत थांबलो नाही.
वाटेत एका बाईने कणीस भाजून दिलं.
ते गोड लागलं, हेही सांगायला हवं.

पुढच्या कार्तिकात पुन्हा गाडी जुंपायची ठरली.
येशबा हिवाळे, माझे मामा, म्हणाले, पोरगा येईल.
तुळशीराम अमोलिक म्हणाले, नाही.
'शिवळ टाकून पळालेला बैल
कोणी त्याच तासाला पुन्हा लावतं?'
मामा म्हणाले, 'नगरात आमच्या भजनावर
दगड कोण टाकायचं, तुळशीराम?
मग तुम्ही देवळात आलात,
तेव्हा तुमच्या बाकावर कोण येऊन बसलं?'

हे बोलायला नको होतं.
अमोलिकांच्या मिशीला ताक लागलेलं,
ते पुसायचंही राहिलं.

मग वाटणी. भावाभावांत होते तशी,
दोरखंडसुद्धा मोजून.
जादूचा कंदील मामांकडे,
चित्रांच्या काचांचा खोका अमोलिकांकडे.
घाईत झालं की हट्टाने, मला अजून कळलेलं नाही.

आम्ही निमाडात उतरलो. रोज संध्याकाळी
धोतर ताणून बांधायचं, कंदील लावायचा,
आणि पांढरा गोल पडायचा. नुसता गोल.
पोरं त्यात बोटांची हरणं नाचवायची,
मामा त्या रिकाम्या उजेडात बोट दाखवून सांगायचे,
हा बाप, हा धाकटा मुलगा, ही डुकरं.
लोक म्हणायचे, चांदवाले आले.

तिकडे उज्जैन-देवासच्या बाजारांत
अमोलिक एकेक काच उन्हाला धरायचे,
आणि माणसं रांगेने यायची, एक डोळा मिटून.

अकरा वर्षं. नाव काढायचं नाही.
नाताळात करंज्यांची ताटं तेवढी जात-येत राहिली.
ती बायकांची गोष्ट.

प्लेगच्या साली पोस्टकार्ड आलं.
इंदूरहून, खान नदीपलीकडच्या झोपड्यांतून.
'थंडी फार. माझी घोंगडी तुमच्याकडे राहिली आहे.
मुलाला पाठवा. त्याचा उपयोग होईल.'
मी तीनदा वाचलं. पटकीला भिऊन पळालो होतो,
आता तिच्या थोरल्या बहिणीच्या घरचं बोलावणं.

मामांना बोलावलं नव्हतं.
मामा आले. गाडीत सबंध वाट
कंदील मांडीवर, त्याच घोंगडीत गुंडाळलेला.

अमोलिक सुकून खारकेसारखे झाले होते.
घोंगडी घेतली, झटकली, म्हणाले,
'रॉकेलचा वास येतोय.'
मामा म्हणाले, 'येणारच.'
एवढंच. मी आणखी काही होईल म्हणून उभा होतो.
मग कोणीतरी पाणी मागितलं, मी गेलो.

रात्री, सगळ्यांना पाणी पाजून झाल्यावर,
दोन बांबूंना चादर बांधली.
आधी कोणती काच, यावरून दोघे तटातट भांडले,
मेंढरू आधी की मुलगा आधी,
इतके, की तापातले दोघेतिघे उठून बसले.
शेवटी अमोलिकांनी काच सरकवली
आणि चादरीवर धाकटा मुलगा
डोक्यावर चालत घरी येऊ लागला,
बाप आढ्याला लोंबकळत हात पसरून.

कंदिलात काच उलटी घालावी लागते.
अकरा वर्षं उन्हाला सुलटी धरून
ते विसरले होते.

मामा पुढे झाले, हात काचेपर्यंत गेला.
तेवढ्यात कोपऱ्यातली लोहारीण म्हणाली,
'रेवा दो भैया, घरे तो आवी रियो हे.'

मामांचा हात तिथेच राहिला.
अमोलिक माझ्याकडे बघून म्हणाले,
'वात वाढव. काजळी धरतेय.'