कृपया नमूद करा

पाडव्याला पाटी बदलली.
रेवणअण्णांच्या मंडपाच्या गोडाऊनवर आता
चकचकीत अक्षरं : आर. एस. इव्हेंट्स.
बांबू तेच. कनातही तीच,
कोपऱ्यात उंदरानं कुरतडलेली.

अण्णांच्या वहीत एकच शब्द असायचा, कार्य.
लग्नाला कार्य, तेराव्यालाही कार्य.
तारीख, पेठ, खुर्च्या किती,
आणि समासात बारीक टिंब.
लाल शाईचं असलं तर झालर लावा.
निळं असलं तर पांढरं कापड, आणि पोरांनो,
टेम्पोतनं उतरताना गाणी नकोत.

एकदाच चुकलं माझं टिंब.
दत्त नगरात बारशाच्या घरी
पांढरं कापड उतरलं.
म्हातारी काही बोलली नाही.
वाटीत हळद कालवून आणली
आणि बोटं ओढली त्या कापडावर, एका टोकापासून.
ते डाग गेले नाहीत.
गुरुशांत म्हणतो, भंगारात काढा.

गुरुशांत, अण्णांचा धाकटा, पुण्याला शिकून आला
तेव्हापासून डोहाळजेवण इव्हेंट,
साहेबांचा सत्कार इव्हेंट,
टॉवेलच्या कारखान्यात नव्या मशीनला नारळ फोडला, इव्हेंट.
नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं
त्याला तेवढं कुणी म्हणत नाही,
आणि हजर मात्र अख्खी गल्ली असते.
परवा जेवताना तो गड्ड्याच्या यात्रेलाही तेच म्हणाला.
अण्णांनी कडक भाकरी मोडली.
मोठ्यानं.

मी भांडत नाही. शब्द बरा आहे,
कुणाच्याही दारात मावतो.
त्याला टिंब लागत नाही,
एवढंच जरा खुपतं.

काल दुपारी येमूलबाई आल्या,
विडीचं माप देऊन, रिकामं सूप काखेत.
"रविवारी वीस खुर्च्या. एक ट्यूब."
गुरुशांतनं मोबाइलवर फॉर्म उघडला.
इव्हेंट कुठला, मावशी?
"पोरगा यायलाय."
लग्न आहे?
"नाही."
वाढदिवस? पास झाला?
"नाही ओ. यायलाय. भिवंडीतनं.
अकरा वर्षं झाली."

फॉर्मात तसं काही नव्हतं.
तो वर गेला, खाली आला, 'इतर' दाबलं,
तर खाली उगवलं : कृपया नमूद करा.

"गल्लीतली बसतील," बाई म्हणाल्या,
"तो बोलला तर बोलंल."

गुरुशांतनं माझ्याकडं बघितलं.
मी वही काढली, धूळ फुंकली.
रविवार. विडी घरकुल. खुर्च्या वीस, ट्यूब एक.
दोन्ही पेनं काढून ठेवली शेजारी.
कापड त्यांनी मागितलं नव्हतं,
तरी हळदीच्या बोटांचं ते
गठ्ठ्याच्या तळातनं ओढून वर ठेवलंय.

आज शुक्रवार.
समास अजून कोरा आहे.