तिसऱ्या दातापाशी

सोमवारी दुकान उघडायच्या आधी
मी मागचं दार उघडते.
शनिवार-रविवारची बोचकी पायरीशी पडलेली,
टे नदीवरून आलेल्या धुक्यानं ओलीगच्च,
'देणग्या फक्त दुकानाच्या वेळेत' या पाटीलाच
टेकून बसलेली.

डंडीच्या या गल्लीत अकरा वर्षं
मी लोकांचं औदार्य निवडत बसते.
एकटा मोजा. कुत्र्याच्या केसांनी भरलेला स्वेटर.
लग्नाचा सूट, बाहीवर केकचा डाग, तसाच वाळलेला.
एकदा बाळाच्या झबल्यांत गुंडाळलेला फुटका दिवा
आणि वर चिठ्ठी: गरिबांना चालेल.

'चालेल' या शब्दाची मला धास्ती बसली आहे.

जे कुणालाच चालत नाही ते वजनावर जातं.
गुरुवारी लॉरी येते, रॉडी गासड्या दाबून बांधतो.
कुठे जातात, मी एकदा विचारलं.
"लांब," म्हणाला, आणि पट्टा आवळला.
माझी आई तागाच्या गिरणीत होती.
तेव्हा गासड्या गोदीवर उतरायच्या,
आता चढतात.
लांब म्हणजे तरी कुणाचं दार असणारच,
कुणाची पायरी,
तिथलाही एखादा सोमवार.

मार्चमध्ये मिस्टर गिल्क्रिस्ट आले.
वेळेत आले, पुढच्या दारानं.
तीन सुटकेसा. "ऊनाचे कपडे," म्हणाले,
आणि नाव घेतल्यावर डोक्यावरची टोपी काढली.

सगळं धुतलेलं, वाळलेलं.
घड्या अशा, की मोडायला हात धजू नये.
खिसे उलटे करून पाहिलेले.
आणि प्रत्येक कपड्याला टाचणीनं एक कागद,
निळी शाई, मास्तरी अक्षर:

डाव्या बाहीचं अस्तर मी रफू केलं आहे. मला नीटसं येत नाही.

रंग जातो. एकटाच धुवावा.

कोपराशी विरलाय. थंडीला पुरेल, वाऱ्याला नाही.

हे बूट तिला चावायचे. बारीक पावलांच्या बाईनं घ्यावेत.

आणि हिरव्या कोटावर:
चेन तिसऱ्या दातापाशी अडते.
ओढू नये. किंचित खाली घ्यावी, मग वर.
तेवढा वेळ ती काहीतरी गुणगुणायची.

"जे देण्यासारखं नव्हतं," ते म्हणाले,
"त्याची मी पुसायची फडकी केली.
आता खिडक्या फार स्वच्छ असतात."
मी हसले. मग वाटलं, हसायचं नव्हतं.

नियम असा, की कागद काढायचे
आणि किमतीची चिठ्ठी लावायची.
मी काढले. रंग जाणाऱ्याचा, वाऱ्याचा,
बुटांचासुद्धा, जरा नाइलाजानं.
कोटाचा मात्र परत त्याच्याच खिशात सारला.

शनिवारी एक मुलगी आली,
नखांच्या कडेला बेकरीचं पीठ.
कोट घातला, चेन ओढली.
अडली.
मी गल्ल्यावर सुट्टे पैसे मोजत राहिले,
तेच तेच, पुन्हा पहिल्यापासून.
तिनं खिशात हात घातला.
परक्या भाषेतलं अक्षर
ओठ हलवत हळूहळू वाचलं,
चेन किंचित खाली घेतली.
गुणगुणली नाही.
पण गुणगुणायला लागेल तेवढा वेळ
थांबली खरी.
मग वर. गळ्यापर्यंत.

त्या रात्री मी माझं कपाट उघडलं.
वर्षानुवर्षं इतरांची बोचकी उपसणारी मी,
माझंही एक कोपऱ्यात बांधून तयार होतं,
गाठ मारलेलं.
गाठ सोडली.
करड्या स्वेटरचं एक बटण तुटलेलं,
मला ठाऊक होतं, गाठ मारतानाही ठाऊक होतं.

पेन घेऊन बसले. मोठ्या अक्षरात 'हा' लिहिलं.
पुढे काय लिहावं सुचेना.
मग दोरा ओवला.