पहिल्या ऐकण्यात

'थ्री फेज'ची नवी कॅसेट आली.
कॅसेटच म्हणतो मी अजून. फोनमध्ये आली, रात्री सव्वाबाराला,
बारा वर्षांनी. नाव 'भारनियमन'. नऊ गाणी.
चित्रात नुसती डीपी, तिच्यावर गुळवेल चढलेली,
आणि फ्यूजच्या जागी तार.

फोनच्या भोकातून ऐकायची ही गोष्ट नव्हे.
खैरवाड्याच्या भजनी मंडळाचा अ‍ॅम्प्लिफायर
दुकानात पडून होता. सकाळी दुरुस्त केला.
तपासायला काहीतरी लावावंच लागतं ना.

पहिलं गाणं: पाण्यावाचून कोरडी फिरणारी मोटार.
सात मिनिटं.
प्रज्वल डबा धुता धुता म्हणाला,
"काका, स्पीकर फाटला वाटते."
फाटला नाही बे. ते तसंच असते.
"मंग याइले दुरुस्त काऊन नाही करत कोनी?"

दुसऱ्याला मी हिरमुसलो, खरं सांगतो.
संथ आहे. ड्रमवर बबन नासरे, आता साठीचा असेल;
पूर्वी ठोक्याच्या आधी त्याचा ठोका पडायचा.
आता ठोका येतो, उंबऱ्याशी थांबतो,
चप्पल काढतो, मग आत येतो.

तिसरं, चौथं एकातून एक निघालेलं.
शब्द आहेत, पण विहिरीत उतरलेल्या माणसानं
वरच्याला ओरडून सांगावेत तसे.
एकदा 'तुरी' ऐकू आलं. 'दुरी'ही असेल.

तेवढ्यात दारात शालिकनाना ठोंबरे.
पाच एचपीची सबमर्सिबल, मंगळवारी जळाली,
आंबिया बहराचं पाणी अडलंय.
त्यांनी बराच वेळ कान दिला.
"माहीच लावली काय टेस्टिंगले?"
नाही नाना, तुमची अजून उघडीच आहे.
"मंग याची बेरिंग गेली,"
म्हणाले, आणि स्टूल ओढून बसले. उठले नाहीत.

पाचव्याला मी स्क्रूड्रायव्हर काढला.
मोटार ऐकायची ती अशीच: टोक बेरिंगवर,
मूठ कानामागच्या हाडावर.
हवा खोटं बोलते, लोखंड नाही.
टोक स्पीकरच्या पेटीला लावलं.

गलका बाजूला झाला
आणि खाली एक बारीक गुणगुण,
अर्थिंग नसलेल्या घरात फ्रीजवर हात ठेवला
की बोटांना कळते, तशी.

अठ्ठ्याण्णव साली इतवारीत मी शिकाऊ होतो.
एक लांब केसांचा, अवधूत काळमेघ, गिटारीचं पिकअप घेऊन आला,
आगपेटीएवढं, तीन दुकानांनी परत केलेलं.
उस्ताद म्हणाला, या पोराला दे, रिकामाच बसलाय.
केसाहून बारीक तार.
शिलाई मशीनच्या चाकावर, हातानं, सात हजार वेढे.
चार हजार सहाशेला उस्तादानं चहा सांगितला
आणि माझी मोजणी चुकली.
पुढचे अंदाजानं भरले.
पैसे त्यानं दिले नाहीत. पहिली कॅसेट दिली.

ती अंदाजाची जागा हीच का, सांगता येत नाही.
इतक्या वर्षांत दहा गिटारी बदलल्या असतील त्यानं.
वेढा चुकला की सूर घोगरा होतो, एवढं मला माहीत आहे,
आणि पाचवं गाणं घोगरं आहे.

सहाव्याच्या मधोमध लाइट गेली.
भारनियमन नव्हतं. कुठेतरी माकडानं तार हलवली असेल.
तिघंही आम्ही स्पीकरकडेच बघत बसलो.
बऱ्याच वेळानं नाना म्हणाले,
"हे चांगलं वाजवलं त्याइनं."

तीन गाणी उरली आहेत, आणि सहाव्याचं अर्धं.
रात्री वावरातली लाइन येईल तेव्हा ऐकेन.
तोवर नानांची मोटार. तांबं आणलं, जुनी वार्निश खरवडली,
प्रज्वलला सांगून ठेवलं:
मी मोजत असताना
चहाचं विचारायचं नाही.