येणं

स्विंडनमध्ये एक चौक आहे,
एका मोठ्या गोलात पाच छोटे गोल.
नवखा माणूस तिथे घामाघूम होतो.
नियम तसा साधा: उजवीकडून येणाऱ्याला
आधी वाट द्यायची.
चौकापलीकडे उन्मेष राहतो, माझा धाकटा भाऊ.

तीन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, तो आला
आणि बूट न काढता दारातच उभा राहिला.
चौघांच्या व्हिसाची फी, वर आरोग्याचा अधिभार,
वकिलाचे वेगळे.
आकडा सांगताना माझ्याकडे नाही,
रेडिएटरवर वाळत घातलेल्या मोज्यांकडे पाहत होता.
सहा हजार आठशे पौंड.
मी म्हटलं, कागदबिगद नको रे, हातउसने समज.
रात्री अजेयने लॅपटॉपवर एक ओळ वाढवली:
नाव, तारीख, रक्कम.
रकान्याचं शीर्षक, येणे.

आणि तो येऊ लागला.
दर शनिवारी.
पन्हळीतली पानं काढली, शेडचं दार बसवलं,
अजेयच्या त्याच त्या विनोदांना हसला.
पूर्वी माझ्या आमटीला नावं ठेवायचा,
"ताई, तळ दिसतोय गं, नाणं टाकू का?"
आता दुसऱ्यांदा वाढून घेतो,
म्हणतो, झकास.
मी टक्का लावला नव्हता कधी.
पण ती दुसरी वाटी व्याजाचीच होती,
आणि मी ती शनिवारच्या शनिवारी
वसूल केली, पळीने.

दिवसभर मी लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलते.
विचारते, पहिलं बरं, की दुसरं?
घरी येताना गाडीत स्वतःला विचारायचे तेच.
पहिला बरा होता,
नाणं टाकणारा.

मग केतकीने तेनेरिफचे फोटो टाकले.
मी दोन बोटांनी मोठे करून पाहिले:
मुलांच्या हातातलं आइस्क्रीम,
मागचं हॉटेल, त्याच्या पाटीवरचे तारे. चार.
पैसे घेतले त्याने,
मोजायचा रोग जडला मला.

मिरजेला फोन केला तर आई म्हणाली,
"भावाबहिणीत कसला गं हिशेब?"
हीच आई, जिच्या कपाटात
माझ्या लग्नातली आहेराची वही अजून आहे.
कुणी तांब्या, कुणी पातळ, कुणी एक्कावन्न,
आणि समोर, पेन्सिलीने, त्यांच्याकडे आपण काय केलं ते.
लहानपणी विचारलं होतं, नुसते पन्नास का नाहीत?
म्हणाली, शून्यावर आणू नये काही.

परवाच्या मार्चमध्ये, मंगळवारी,
दोन पेशंटच्या मधे फोन थरथरला.
रक्कम जमा. संदर्भ: ताई.
त्या शनिवारी तो आला नाही.
पुढच्याही नाही.
पन्हळीतून पाणी भिंतीवर यायला लागलं.

अजेय म्हणाला, सुटलो बाबा,
आणि ती ओळ खोडायला बसला. मग थांबला.
"अगं, सहा हजार आठशे एक आलेत."
तेव्हापासून त्या रकान्यात
उणे एक आहे.

चूक झाली असेल टाइप करताना?
की तीन वर्षांचं व्याज, तोंडावर मारलेलं?
की आईच्या वहीतला, वरचा एक?
अजेय म्हणतो, विचार की सरळ.
पुरुषांना वाटतं, सगळं विचारता येतं.

आज शनिवार. मीच निघालेय.
शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसवलाय
त्याचाच स्टीलचा डबा, गेल्या दिवाळीत चिवडा भरून आलेला.
रिकामा कसा परत करायचा?
चौकात एकदा चुकले, परत फिरले,
उजवीकडून येणारे काही संपेनात.
डब्यात आमटी आहे.
मुद्दाम पातळ केलीय,
तळ दिसेल इतकी.

बघू, बोलतो का.