दोनशेवा चावा

ओउलूत नोव्हेंबरात तीनलाच दिवे लागतात.
आइलाच्या टेबलावर चार कारखान्यांचे चार डबे:
वेळेवर खाऊ वाढणारे, फोनवरून हाक मारणारे,
घरी कुणी नाही हे मांजराला कळू न देणारे.

प्रत्येकासोबत प्रमाणपत्र. शिक्का गोल, सही वळणदार,
एकावर तर तारीख पुढच्या वर्षीची.
तो डबा तिने उचलून दाराजवळ ठेवला.

उरलेल्या तिघांना एकच प्रश्न धाडला होता:
माझी कुत्री वायर चावते. मग काय?

एकाने लिहिलं, शिकवलेली कुत्री चावत नाही.
दुसऱ्याने दहा टक्के सूट दिली.
निंगबोहून छ्यू वानयिन नावाच्या बाईचं उत्तर
सहा दिवसांनी आलं. सोबत फोटो:
पोलादी जबडा, जबड्यात वायर,
आणि एका वहीचं पान, तेलाचे डाग पडलेलं.
एकोणिसाव्या चाव्याला तांबं दिसलं. नापास.
आवरण बदललं.
दोनशेव्याला दिसलं. नापास.
मग तांबं उघडं पडताच वीज तोडणारा तुकडा आत बसवला.
पास.
तरी, तुम्ही वायर कपाटामागून न्या.

त्या ‘तरी’पाशी आइला बराच वेळ थांबली.

प्रमाणपत्राचा क्रमांक तिने प्रयोगशाळेला विचारून ताडून घेतलाच.
भरवसा ठेवायचा तर आधी पडताळून.
भाव चढा होता. दुकान लहान.
तिने पन्नास डब्यांची मागणी लिहायला घेतली.

दाराजवळ नुप्पू
पुढच्या वर्षीच्या तारखेच्या डब्याची वायर
कधीची चघळत बसलीय.
कुठे जोडलेली नाही, एवढंच.